दिवाळीच्या सुट्टीत कुठं जायचं, हे यंदा आम्ही ठरवलंच नाही

शेंगापोळी (३० ऑक्टोबर, रात्री १०:४०)

सहामाही परीक्षेचं वेळापत्रक आलं की आमच्या घरात दरवर्षी एकच भांडण लागतं: सुट्टीत कुठं जायचं. नवऱ्याला समुद्र हवा, मला थंड हवा, थोरल्याला (वय ९) विमान, आणि धाकटीला (वय ४) थोरला मागेल ते. यंदा भांडायची वेळच आली नाही. सप्टेंबरात सीना नदीला पूर आला, मोहोळ तालुक्यात माझ्या भावाचं सोयाबीन आणि नुकताच लावलेला कांदा पाण्याखाली गेला. कोकणासाठी बाजूला काढलेले पैसे आम्ही त्याला नेऊन दिले. त्यात मोठेपणा काही नाही. माझ्या लग्नात त्यानं काय काय विकलं ते मला माहीत आहे.

मग एका रात्री नवरा म्हणाला, "आपण दोघं साडेनवाला बाहेर पडतो ते सातला उगवतो. पोरं वाढवतंय कोण? त्यांनाच विचारू की, तुम्हाला कुठं जायचंय म्हणून."

ऐकायला जरा सुविचारछापच वाटलं मला. पण विचारलं. सासूबाई (मी त्यांना आत्या म्हणते), सासरे (मामा), समोरच्या अक्का आणि माझी आई, असे चौघं. नियम एकच: ज्याचा दिवस त्याची मर्जी. "तिथं काय बघण्यासारखं आहे" किंवा "त्यापेक्षा अमुक ठिकाण बरं" असं कुणी म्हणायचं नाही. पोरांनीसुद्धा.

आत्यांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "गोलघुमट."

आम्ही चाटच पडलो. आत्यांचा जन्म सोलापूरचा, सासर सोलापूरचं. विजापूर इथून १०० किलोमीटर. सोलापुरातल्या विजापूर वेशीत भाजी घेण्यात उभा जन्म गेला आणि विजापूर बघितलं नाही! शाळेची सहल गेली तेव्हा वडिलांनी पाठवलं नाही. पुढं लग्न, पोरं, सासू-सासऱ्यांची आजारपणं. "मग इतक्या वर्षांत बोलला का नाहीत?" असं विचारलं तर म्हणाल्या, "कुणी विचारलं का मला?"

अंधारातच निघालो. वडकबाळच्या पुलावरून सीना बघितली. महिन्यापूर्वी हाच रस्ता पाण्यानं बंद पडला होता. आता शहाण्यासारखी वाहत होती. टाकळीला भीमा ओलांडली की पाट्या कानडीत. आत्यांना कानडी बोलता येतं हे मला लग्नाला दहा वर्षं होऊन गेल्यावर झळकीच्या चहावाल्यापुढं कळलं.

ज्यांनी गोलघुमट बघितला नाही त्यांच्यासाठी: वर सज्जात जायला कोपऱ्यातल्या सात मजली मनोऱ्यातून अरुंद जिना आहे. पायऱ्या उंच. आत्यांचे गुडघे दुखतात. मी म्हणणार होते की खालीच बसा, तेवढ्यात थोरल्यानं नियमाची आठवण करून दिली. एकेका मजल्यावरच्या झरोक्यापाशी थांबत, पदरानं घाम पुसत त्या वर गेल्या. आत मधोमध एकही खांब नाही, घुमटाचा बाहेरचा व्यास ४४ मीटरच्या आसपास. भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की समोरच्या टोकाला ऐकू येतं, असं पुस्तकात असतं. प्रत्यक्षात सुट्टीचे दिवस, लोक नुसते किंचाळत होते, शिट्ट्या मारत होते आणि प्रत्येक किंकाळी सात-आठदा परत येत होती. त्या गदारोळात थोरला पलीकडं जाऊन भिंतीला तोंड लावून काहीतरी बोलला, आत्या इकडं कान लावून उभ्या. "आजी, ऐकू आलं का?" तर आत्या जोरजोरात मान हलवतायत, "आलं, आलं!" खाली उतरताना मला हळूच विचारलं, "काय म्हणाला गं तो?" मी त्याला विचारलं. तो म्हणाला होता, "आजी, लवकर खाली चल, मला शू लागलीय."

बाहेर झाडाखाली बसून कडक भाकरी, शेंगा चटणी, दही खाल्लं. आत्यांनी नगारखान्यातलं संग्रहालयसुद्धा प्रत्येक पाटी वाचत बघितलं. आम्ही दोघं कंटाळून बाकावर.

मामांचा दिवस हत्तरसंग कुडलला गेला. भीमा-सीनेचा संगम, जुनी देवळं, आणि अंगभर मुखं असलेलं शिवलिंग. मामा मिलमध्ये होते, मिल बंद पडल्यावर वॉचमन. त्यांना पाण्याच्या काठी बसायला आवडतं, बोलायला आवडत नाही. बसलो. एवढंच लिहिते, कारण दिवसभर त्यांनीही एवढंच केलं.

आता अक्का. आम्ही अशोक चौकाच्या बाजूला राहतो. अक्का समोरच्या घरात विड्या वळतात. शाळा सुटल्यावर माझी दोन्ही पोरं त्यांच्याकडं. धाकटी आकडे मराठीच्या आधी तेलुगूत शिकली, ओकटी, रेंडू, मूडू. नवरात्रात बतुकम्मा या तेलुगू सणाची फुलं रचायला तीच सगळ्यात पुढं असते. अक्कांना विचारलं तर म्हणाल्या, "वंदे भारतमधी बसायचंय."

"कुठं जायचंय?"

"कुठंबी."

मुंबईचं तिकीट झेपणारं नव्हतं. पण गाडी कुर्डुवाडीला थांबते. तिथून एसटीनं पंढरपूर, दर्शन, आणि परत एसटीनं मोहोळमार्गे सोलापूर. पहाटे सहाच्या सुमाराला गाडी सुटते, म्हणून अक्का चारपासून तयार. गाडीत बसल्यावर त्यांनी सीटवर हात फिरवला, पडदा मागं-पुढं करून बघितला, आणि मग खिडकी उघडायला गेल्या. खिडकी उघडत नाही म्हटल्यावर त्यांचं तोंडच उतरलं. "वारं न्हाई? मग रेल्वे कशाची?" कुर्डुवाडीपर्यंत धाकटीच्या हातातल्या बिस्किटाच्या पुड्याचा कागद घेऊन अक्कांची बोटं आपोआप चालू होती: टोक दुमडायचं, गुंडाळी करायची, नखानं तोंड बंद करायचं. उतरताना त्यांच्या मांडीवर चकाकत्या कागदाच्या विड्यांची रांग लागली होती आणि पलीकडच्या सीटवरचे साहेब वर्तमानपत्राआडून बघत होते.

पंढरपुरात कार्तिकीची गर्दी जमायला लागली होती. पदस्पर्शाची रांग बघून मुखदर्शनच घेतलं. परतीच्या एसटीत अक्का खिडकीशी बसल्या, काच पूर्ण उघडी, केस विस्कटलेले, आणि मोहोळपर्यंत पोरांना गोष्टी सांगत होत्या. वंदे भारतबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "बघितलं, झालं."

राहिली आई. आई भावाकडं असते. तिला विचारलं तर म्हणाली, "मला कुठं जायचं नाही. मला झोपायचंय." भाऊबीजेला गेलो तेव्हा तिला माडीवरच्या खोलीत पाठवून चूल नवऱ्यानं आणि भावानं सांभाळली. आमटी खारट झाली होती. आई चार वाजता उठली.

तुमच्याकडं कुणाला विचारलंत, तर काय उत्तर येईल? लिहा.

---

सातरस्ता (३० ऑक्टोबर, रात्री ११:०५)

लै भारी लिवलंय बे! "कुठंबी" वाचून हसून हसून मेलो. आमच्या आज्जीला विचारलं असतं तर तिनं पार्क चौकातली भेळ सांगितली असती, घरापासून चालत दहा मिनिटं, आणि तीबी पार्सल.

कडकभाकरी (३० ऑक्टोबर, रात्री ११:२०)

+१. वाचनखुणेत ठेवलं.

माळरान (३१ ऑक्टोबर, सकाळी ६:५०)

छान धागा. माझ्या आईला विचारलं होतं गेल्या वर्षी, तिनं नान्नजचं माळढोक अभयारण्य सांगितलं. ती बार्शी रोडवरच्या गावातली. लहानपणी माळावर काळविटांचे कळप आणि माळढोक बघितलेली. अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं, त्याच्याही आधीची गोष्ट.

जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, माळढोक दिसेल या आशेनं जाऊ नका. तो आता जवळपास संपलाच आहे. पण दिवाळीच्या आसपास गवत गुडघाभर आणि पिवळं झालेलं असतं, सकाळच्या तिरप्या उन्हात त्यातून काळविटांची नुसती शिंगं सरकताना दिसतात. उत्तरेकडून आलेले भोवत्या ससाणे गवतावरून खालून उडत असतात. भडक कपडे नकोत, मोबाईलवर गाणी नकोत, वनखात्याच्या माणसाबरोबरच जा. पोरांना दुर्बीण मिळाली तर दोन तास गप्प बसतात, स्वानुभव.

आईनं माळढोकाचं विचारलंच. वनरक्षक म्हणाला, आता नाही दिसत, आजी. ती म्हणाली, "आम्ही त्याला हाकलायचो रे, शेतात येतो म्हणून." पुढं बराच वेळ ती काही बोलली नाही.

पूर्वभाग (३१ ऑक्टोबर, सकाळी ९:१५)

लेख चांगला आहे, पण मला एक खटकलं, ते लिहितो. राग मानू नका.

माझी आई आयुष्यभर विड्या वळत होती. हजार विड्यांवर मजुरी. पत्ता (विडीचं पान) आणायचा, भिजवायचा, कातरायचा, वळायचा, कारखान्यात नेऊन द्यायचा, तिथं छाटणी झाली की त्यातल्या किती नाकारल्या ते निमूट ऐकायचं. १९६६ चा विडी-सिगार कामगार कायदा झाला, त्यात पगारी रजाही लिहिलेली होती. घरी बसून वळणाऱ्या बाईच्या हातात त्यातलं किती पडलं हे सोलापूरच्या पूर्व भागात कुणालाही विचारा. एक दिवस पंढरपूरला गेलं की एक दिवसाची मजुरी गेली. आईला फिरायला नेणारी माणसं आवडायची, पण वेळेवर पैसे देणारी जास्त आवडायची.

तुमची दोन पोरं रोज अक्कांकडं असतात. ते "प्रेमानं" की पगारानं? प्रेमानं असेल तर एका रेल्वेनं फिटत नाही. पगारानं असेल तर मग हे आभार वगैरे कशाला, बोनस द्या.

जुळे_सोलापूरकर (३१ ऑक्टोबर, सकाळी ९:४०)

पूर्वभाग, मुद्दा बरोबर, पण सूर जरा कडक झाला राव. सणासुदीचा धागा आहे.

पूर्वभाग (३१ ऑक्टोबर, सकाळी ९:५२)

सण सगळ्यांचाच आहे. म्हणूनच विचारतोय.

शेंगापोळी (३१ ऑक्टोबर, दुपारी १:३०)

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, घाईत.

पूर्वभाग, राग नाही. पगारानंच आहे, आणि माझा पगार ज्या दिवशी होतो त्याच दिवशी. दिवाळीला एक जादा महिना. आम्ही गेलो तेव्हा त्यांचा कारखाना दिवाळीसाठी बंद होता, दिवस अक्कांनीच निवडला. त्या दिवसाचे पैसे देऊ केले तर त्यांनी नवऱ्याला असं झापलं की तो दोन दिवस त्यांच्या दारासमोरून गेला नाही.

पण "बोनस द्या, आभार कशाला" हे मला पटत नाही. धाकटीला ताप आला होता तेव्हा मी ऑफिसातून निघेपर्यंत अक्कांनी तिला कडेवर घेऊन दवाखान्यात नेलं, विड्यांचा पत्ता भिजवलेला तसाच टाकून. भिजवलेला पत्ता वाळला की कडक होतो, वाया जातो. त्याचा हिशेब कुठल्या पगारात बसवू? पैसे द्यायचेच, ते देऊन झाल्यावरही काही उरतं. त्याचं काय करायचं, एवढाच माझा प्रश्न होता.

पूर्वभाग (३१ ऑक्टोबर, दुपारी २:१०)

पत्त्याचं कळलं. असं असेल तर माझं काही म्हणणं नाही. बाकीच्यांनी वाचताना फक्त सहलीचा भाग उचलू नये, जादा महिन्याचाही उचलावा.

निवांत_रविवार (३१ ऑक्टोबर, दुपारी ३:००)

मी पुण्यात असतो, माहेर-सासर दोन्ही सोलापूर. (हो, पुरुषालाही माहेर असतं.) दर दिवाळीला हुतात्मा एक्सप्रेसनं येतो, आईच्या हातचं खातो, परत जातो. हा धागा वाचून आईला फोन लावला आणि विचारलं, तुला कुठं जायचंय. ती म्हणाली, "काय रे, बरं आहे ना तुझं?" मग म्हणाली, "नोकरी गेली का?"

माझा प्रश्न फराळाचा आहे. चार दिवस चार सहली, मग करंज्या कुणी केल्या? आमच्याकडं दिवाळी म्हणजे आईनं आठ दिवस शेगडीपुढं उभं राहायचं आणि आम्ही "या वेळी चकली थोडी कडक झाली" म्हणायचं.

शेंगापोळी (३१ ऑक्टोबर, रात्री ९:२५)

चकली, चिवडा, शंकरपाळी गल्लीतल्या बायकांच्या बचत गटाकडून. करंज्या घरी, सारण आत्यांचं, लाटणं नवऱ्याचं, कातणं थोरल्याचं. कुठल्याच दोन करंज्या एका आकाराच्या नाहीत. शेंगापोळ्या मात्र आत्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. दाण्याचं कूट किती बारीक आणि गूळ किती, ते आमच्या हाती दिलं तर पोळी फुटते म्हणे. खरंच फुटते.

किल्ल्याचं लिहायचं राहिलं. थोरल्यानं यंदा किल्ला सपाट केला. शेजारची पोरं हसली, डोंगर कुठाय म्हणाली. हा म्हणाला, "आपला सोलापूरचाच किल्ला आहे, भुईकोट. त्याला डोंगर नसतोय, खंदक असतोय." खंदकात पाणी राहीना, जिरून जायचं. शेवटी मामांनी कारखान्यातल्या टॉवेलच्या पॅकिंगची प्लॅस्टिकची पिशवी फाडून खाली अंथरली, कडा चिखलानं दाबल्या, आणि पाणी थांबलं. मग एका बाजूला बशी ठेवून सिद्धेश्वर तलाव, तलावात काडेपेटीचं देऊळ. कुडलला दिवसभर गप्प बसलेला माणूस त्या चिखलात अडीच तास बोलत होता. तटबंदी दुहेरी का असते, बुरूज गोल का असतात, मिलच्या भोंग्यावर सगळं गाव कसं घड्याळ लावायचं. विषय कुठून कुठं गेला कळलंच नाही.

तुळई (३१ ऑक्टोबर, रात्री ११:१०)

कुडलला गेलात आणि शिलालेख बघितला का नाही, ते लिहिलंच नाही! संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके ९४० चा मराठी लेख आहे, म्हणजे इसवी सन १०१८. जो वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाची ओळ आहे शेवटी. मान वर करून, मोबाईलचा उजेड तिरपा धरला तर अक्षरं उठून दिसतात. सरळ धरला तर काहीच दिसत नाही. हा लेख सोलापूरच्या आनंद कुंभार यांनी उजेडात आणला. विद्यापीठातली खुर्ची नाही, गाडी नाही, गावोगाव एसटीनं आणि पायी फिरून लेखांचे ठसे घेत त्यांनी हयात घालवली. आभार मानायचेच तर आपल्या घरच्यांसारखे अशांचेही मानावेत असं मला वाटतं.

तिथल्या शिवलिंगावर ३५९ मुखं कोरलेली आहेत. पोरांना मोजायला लावा. आमच्या पुतणीनं मोजायला सुरुवात केली आणि दोनदा वाद होऊन परत पहिल्यापासून सुरू केली. तोवर मोठ्यांना निवांत बसता आलं.

विजापुरात मुलूख-मैदान तोफ बघितली असेल तर ती आपल्या बाजूची आहे. आधी परांड्याच्या किल्ल्यात होती, तिथून विजापूरला नेली. आणि थोरल्याला सांगा, त्याचा भुईकोट एकेकाळी हुंड्यात गेलेला आहे: अहमदनगरच्या निजामशहाची मुलगी चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली तेव्हा सोलापूरचा किल्ला तिच्याबरोबर गेला.

शेंगापोळी (१ नोव्हेंबर, सकाळी ७:१५)

तुळई, लेख बघितला, पण सरळ उजेडात! काही दिसलं नव्हतं. मामांना सांगितलं, ते म्हणाले "परत जाऊ." स्वतःहून बोललेले हे त्यांचे आठवड्यातले पहिले दोन शब्द.

किल्ला हुंड्यात गेल्याचं थोरल्याला सांगितलं. तो विचारतोय, मग परत का नाही मागितला.

कडकभाकरी (१ नोव्हेंबर, सकाळी ८:००)

नळदुर्गला कुणी गेलं का एवढ्यात? यंदा पाऊस बक्कळ झाला, नर-मादी धबधबा अजून चालू आहे का? सासरे म्हणतायत तिथं जायचंय.

माळरान (१ नोव्हेंबर, सकाळी ८:४५)

बोरी नदीला वरून पाणी सुटलेलं असेल तरच धबधबा. निघायच्या आधी तिथल्या कुणाला तरी फोन करून विचारा, नाहीतर नुसती ओली भिंत बघून याल. पण पाणी नसलं तरी पाणीमहाल बघाच. नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटात महाल बांधलाय, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. वरून पाणी जातं आणि आतला माणूस कोरडा. पायऱ्या निसरड्या असतात, सासऱ्यांना काठी द्या. उपळी बुरुजावर चढायचं असेल तर ऊन व्हायच्या आत. हैदराबाद हायवेनं तासाभरात पोचता.

कडकभाकरी (१ नोव्हेंबर, सकाळी ९:०२)

धन्यवाद. फोन करतो.

अडुसष्ट_लिंगे (१ नोव्हेंबर, दुपारी १२:३०)

सगळे प्रतिसाद वाचले. माझे आई-वडील दोघंही गेले. विचारायला कुणी उरलं नाही असं वाटून कालपासून धागा उघडत होतो आणि बंद करत होतो. वडील गेले तेव्हा मी बेंगळुरूला होतो. लॉकडाऊन. त्यांचे मित्र, मी काका म्हणतो, त्यांनी आणि त्यांच्या मुलानं सगळं केलं. मी व्हिडिओवर बघितलं. त्यानंतर सोलापुरात परत आलो, घर घेतलं, काका दर रविवारी सिद्धेश्वरला भेटतात, कमानीपासून देवळापर्यंत बरोबर चालतो, प्रसाद घेतो, राजकारणावर भांडतो. त्या दिवसाबद्दल मी कधी बोललो नाही. त्यांनीही काढलं नाही.

धाग्यात आधी वाचलं की पैसे देऊन झाल्यावर उरतं त्याचं काय करायचं. माझ्याकडं तर पैशाचा प्रश्नच नाही, सगळंच उरलेलं आहे. उद्या रविवार आहे. विचारतो.

जुळे_सोलापूरकर (१ नोव्हेंबर, दुपारी १२:५५)

विचारा हो. आणि इथं येऊन सांगा.

निवांत_रविवार (१ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४०)

आईचा फोन आला. नोकरी आहे याची तिनं बायकोकडून खात्री करून घेतली. मग म्हणाली, वेळा अमावस्येला ये, मावशीच्या शेतात जाऊ. दिवाळीत सगळे येतात, वेळा अमावस्येला कुणी येत नाही. खरं आहे, पुण्यात त्या दिवशी सुट्टी नसते, आणि ऑफिसात वेळा अमावस्या म्हणजे काय हे समजावत बसावं लागतं. भज्जी, आंबील, उंडे, शेतातल्या कोपीत पांडवांची पूजा. शेवटचं गेलो तेव्हा कॉलेजात होतो. रजा टाकली.

शेंगापोळी (१ नोव्हेंबर, रात्री १०:१०)

आमच्या भावानंही बोलावलंय वेळा अमावस्येला. मी म्हटलं, शेतात गाळच आहे अजून. तो म्हणाला, गाळात ज्वारी चांगली येते, पेरली. बघू.

शेंगापोळीचा_नवरा (१ नोव्हेंबर, रात्री १०:३२)

फक्त एवढं लिहायला खातं काढलं: आमटी खारट मेव्हण्यानं केली. मी भाकरी थापत होतो.

सातरस्ता (१ नोव्हेंबर, रात्री १०:३५)

🤣 पुरावा द्या. फोटो.

अडुसष्ट_लिंगे (२ नोव्हेंबर, सकाळी ११:२०)

विचारलं. काका आधी म्हणाले, "कशासाठी?" मी म्हटलं, त्या दिवसासाठी. ते चपला शोधत राहिले बराच वेळ, सापडल्यावर म्हणाले, तुझ्या बापानं आणि मी तरुणपणी सायकलवर अक्कलकोटला जाऊन राजवाड्यातलं शस्त्रागार बघितलं होतं, ते परत बघायचंय. ठरलं, पुढच्या शनिवारी. एकच अट घातली त्यांनी: गाडी ते चालवणार. काकांचं वय ७८, मोतीबिंदूचं एक ऑपरेशन झालंय, दुसरं बाकी आहे. शेंगापोळीताई, तुमच्या नियमात याला काही तोड आहे का?

शेंगापोळी (२ नोव्हेंबर, सकाळी ११:४५)

नियम ठिकाणापुरता आहे, स्टिअरिंगपुरता नाही. एसटीनं जा, खिडकीची सीट काकांना.